नाईलकाठची मंदिरे : वारसा-रक्षणाचा एक पाठ

(वरच्या इयत्तांच्या इतिहास-भूगोल शिक्षकांसाठी)

उद्देश : प्राचीन वारसा ही साऱ्या मानवजातीची ठेव असून तिचे रक्षण तज्ज्ञांचे ज्ञान व अनेकांचे साहाय्य यांच्या मेळाने होते, हे विद्यार्थ्यांस समजावे.

प्रस्तावना : धरणासाठी गाव उठते तेव्हा तेथील देवळाचे काय होते, असे शिक्षकांनी विचारावे. उत्तरे ऐकून नकाशात ईजिप्त, नाईल नदी व आस्वान दाखवावे.

विषयविवेचन : शेतीस पाणी व उद्योगांस वीज मिळावी म्हणून ईजिप्तने १९६० मध्ये आस्वान येथे उंच धरणाचे काम आरंभिले. त्याच्या जलाशयात न्युबिया प्रदेशातील प्राचीन मंदिरे बुडणार होती. त्याच वर्षी ८ मार्च रोजी युनेस्कोने जगास साहाय्याचे आवाहन केले. सुमारे पन्नास राष्ट्रांनी द्रव्य दिले. अनेकांनी तज्ज्ञ पाठविले. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे पथकही १९६१-६२ मध्ये तेथे उत्खननास गेले.

अबू सिंबेलची दोन मंदिरे आपल्या लेण्यांप्रमाणे डोंगरात कोरलेली, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची आहेत. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून हजाराहून अधिक खंड करण्यात आले व सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळविण्यात आली. दर्शनी शिल्पांवरील काप अरुंद राहावा म्हणून तेथे हातकरवती चालविल्या. मोठ्या मंदिराची दिशाही राखली. वर्षातून दोनदा सूर्यकिरण आजही गाभाऱ्यात पोहोचतात.

याची दुसरी बाजू शिक्षकांनी वगळू नये. ईजिप्तमधील सुमारे पन्नास हजार न्युबियन लोकांस १९६३-६४ मध्ये घरे व खजुरीच्या बागा सोडून नदीकाठापासून दूर जावे लागले. मंदिरे वाचली, गावे बुडाली. स्थलांतरापूर्वी मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांच्या जीवनपद्धतीच्या नोंदी केल्या, हेही वारसा-रक्षणच होय.

संकलन : अशा सहकार्याच्या अनुभवातून १९७२ मध्ये जागतिक वारशाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याअन्वये १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ जागतिक वारसा यादीत आली.

उपयोजन : विद्यार्थ्यांनी गावातील वीरगळ, बारव अथवा जुना शिलालेख यांची मापे घेऊन चित्र काढावे. दगड हलवू नये, घासू नये, त्यावर रंग लावू नये. वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. सांगणारीचे नाव व दिनांक तिच्या संमतीने लिहावा. या वह्या शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात. पाषाण उचलून उंचावर नेता येतो. न उतरविलेली ओवी मात्र गाणारीबरोबरच जाते.