आधी आमचा ऊस न्या!

साखर कारखान्याच्या शेती खात्यात माझी हयात गेली. कराड-वाळवा पट्ट्यातली कृषी पदवीधर मुलं मुलाखतीच्या तयारीला आता माझ्याकडे येतात. एका प्रश्नाशी बहुतेकांची गाडी अडते: 'सभासदाची मागणी नाकारावी लागली, तर काय कराल?' त्यांच्याशी बोलताना माझं मलाच जे उमगत गेलं, ते सांगतो.

१. नकाराला नोंदवहीचा आधार लागतो. 'मी ठामपणे सांगेन,' असं मुलं म्हणतात. कशाच्या जोरावर, असं विचारलं की गप्प होतात. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवर आणि उसाच्या जातीवर ठरतो. जुलै-ऑगस्टची आडसाली पुढे, तिच्यामागे पूर्वहंगामी, मग सुरू. खोडव्याचं गणित निराळं. मागणी करणाऱ्या सभासदाच्याच फडातल्या उसाच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स त्यालाच बघायला दिला, की निम्मं बोलणं तिथेच होतं. मुलाखतीतही हेच सांगावं.

२. 'आधी' मागणाऱ्याला पुष्कळदा फक्त तारीख हवी असते. हे कळायला मला फार वर्षं लागली. गट ऑफिसात एक बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी नोंदीची घडी पडलेली पावती टेबलावर ठेवली, तळहातानं सपाट केली. उसाला तुरा आलेला, वजन घटायला लागलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्यात टोळीचा मुकादम खुशाली म्हणून वरचे पैसे मागतोय. एवढं सगळं सांगून त्यांनी विचारलं, "सायेब, रान मोकळं कधी हुईल तेवढं सांगा." त्यांच्या पुढच्या नोंदी मोजल्या, टोळ्या किती आणि रोजची तोड किती ते पाहिलं आणि आठवडा सांगितला. तो त्यांना हवा होता त्यापेक्षा बराच लांबचा होता. तरी त्या निश्चिंत होऊन उठल्या. पाण्याची पाळी आणि पुढच्या पिकाचं बियाणं त्यांना आता ठरवता येणार होतं. आपण 'बघू' म्हणून वेळ मारून नेतो, तेव्हा माणसाला संचालकाच्या दारात आपणच पाठवत असतो. म्हणून मुलांना म्हणतो, उत्तरात 'नाही'च्या पुढे 'कधी' येऊ द्या.

३. वरून आलेला फोन सगळ्यात जड जातो. 'संचालकांच्या पाहुण्याचा ऊस आधी तोडायचा आहे,' असं मुलाखतीत स्वतः संचालकच विचारतात आणि मुलं कावरीबावरी होतात. अशा वेळी मला कर्मवीर भाऊराव पाटील, आमचे अण्णा, आठवतात. रयत शिक्षण संस्थेसाठी त्यांनी दारोदार मदत मागितली. बोर्डिंगातल्या मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिनेही गेले. पण 1947 मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदलायच्या अटीवर एका धनिकानं मोठी देणगी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही, असं आमच्याकडे आजही सांगतात. पैशाची गरज त्यांच्याइतकी कुणाला होती? पण ते नाव एकदा दिलेलं होतं. तोडीचा नंबरही तसाच दुसऱ्या कुणाला तरी दिलेला असतो. तो काढून पाहुण्याला द्यायला माझा असतो कुठे? हे अदबीनं, आवाज न चढवता सांगता येतं. ऐकणाऱ्या संचालकालाही ते पटतं, कारण हंगामात त्याच्या दारातही असे दहा पाहुणे बसलेले असतात.

४. क्रम कधी मोडायचा, हेही ठाऊक हवं. ऑगस्ट 2019 च्या कृष्णा-वारणेच्या महापुरात ऊस दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला. शेंडे कुजले, कांड्यांवरचे डोळे फुटले. तो ऊस आधी न्या, ही मागणी रास्तच होती. अशा वेळीही 'नियम म्हणजे नियम' म्हणणारा उमेदवार मी घेतला नसता.

५. नकार दिलेला माणूस दर वेळी समजून घेतोच असं नाही. मुलांच्या उत्तरांत शेवटी सगळ्यांना पटलेलं असतं. पॅनेलवरच्या जुन्या माणसांचा त्यावर विश्वास बसत नाही. काही जण चिडतात, ऊस शेजारच्या कारखान्याला घालतात, लग्नात भेटले तर तोंड फिरवतात. मग पुढे तुम्ही काय केलंत, ते सांगा. मी नव्या लागणीच्या नोंदी सुरू झाल्या, की पहिल्यांदा अशाच माणसाच्या बांधावर जायचो.