ठिणग्या मंद का पडल्या?

‘मॅडम, तुम्हाला पार्टिकल्स जमत नाहीत.’ प्रोजेक्टच्या ग्रुपवर, सगळ्यांदेखत, मला हे ऐकवलं गेलं. ऐकवणारे मुंबईतल्या एका स्टुडिओचे सुपरवायझर. त्यांचं नाव इथे देत नाही. पण घडलं ते लिहिणार आहे, कारण रत्नागिरीत घरी बसून व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम करणाऱ्या इतरांच्या वाट्याला हे येऊ नये.

शॉट शिमग्याचा होता. रात्री होम पेटलाय, पुढे पालखी नाचतेय. चित्रीकरणाच्या वेळी आग लहान ठेवली होती, म्हणून ठिणग्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पार्टिकल्स, म्हणजे कण, वापरून करायच्या होत्या. त्या ज्वाळेतून उठून, पालखीच्या मागून वळत वर जायला हव्या होत्या. कॅमेरा ट्रॅकिंग त्यांचं, ठिणग्या माझ्या.

पहिला शेरा आला, ‘ठिणग्या मरगळलेल्या आहेत, वारा वाढवा.’ वाढवला, तर म्हणाले, ‘फ्रेमबाहेर पळतायत, कमी करा.’ मग ‘ग्रॅव्हिटी बंद करून बघा.’ मग ‘कोकण म्हणजे समुद्राचा वारा, तो डावीकडून येऊ द्या.’ मी सांगितलं, दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो हे खरं, पण रात्री मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. प्लेटमधला, म्हणजे मूळ चित्रीकरणातला, धूरसुद्धा समुद्राकडेच झुकलेला आहे. त्यावर उत्तर आलं, ‘प्रेक्षकांना काय कळतंय!’ ज्यांच्या दारात दरवर्षी पालखी येते, त्या प्रेक्षकांबद्दल हे बोलणं मला अजून सहन होत नाही.

शेवटी मी सीनमध्ये १.७ मीटर उंचीचा ठोकळा पालखी धरलेल्या माणसाशेजारी ठेवला. तो त्याच्या घोट्याच्या जरासा वर आला. माणूस १७ मीटरचा होता! त्यांनी पाठवलेला अख्खा सीन दहापट मोठा होता. ब्लेंडर गुरुत्वाकर्षण ९.८१ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरून चालतं. उंची दहापट केली की खाली पडायला लागणारा वेळ सुमारे ३.१६ पट होतो. ठिणग्या मंद दिसणारच होत्या. माझ्या जागी कोणीही बसलं असतं तरी तेच झालं असतं.

पालखीची किंवा एखाद्या माणसाची मोजलेली उंची द्या, असं मी पहिल्याच ईमेलमध्ये मागितलं होतं. त्या ईमेलला उत्तर आलं नव्हतं. ठोकळ्याचा फोटो पाठवल्यावर ‘हे तुम्ही आधी तपासायला हवं होतं’ एवढंच आलं. नंतर नवं ट्रॅकिंग गुपचूप आलं, त्यासोबत एक शब्द नाही. ग्रुपवरचा शेरा तसाच राहिला आणि ‘उशीर’ म्हणून माझेच पैसे कापले गेले.

‘ठिणग्या म्हणजे एक बटण’ असंही त्यांनी ऐकवलं होतं. ‘स्टार ट्रेक २’ (१९८२) मधल्या आगीच्या दृश्यासाठी वापरलेली पार्टिकल्सची पद्धत विल्यम रीव्हज यांनी १९८३ साली निबंधात मांडली. त्यातही प्रत्येक कणाला जन्मतःच जागा, वेग, रंग, आकार, आयुष्य ठरवून द्यावं लागतं. तेव्हापासून हे काम एका बटणाचं कधीच नव्हतं.

आता कामाचं सांगते.

आधी स्केल तपासा. मोजमाप माहीत असलेली एक तरी वस्तू प्लेटमध्ये मागून घ्या.

मग फ्रेमरेट. ब्लेंडरच्या पार्टिकल्सचा टाइमस्टेप मुळात ०.०४ असतो, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. शॉट सेकंदाला २४ फ्रेमचा असेल तर तो ०.०४१७ करा. सीनचा फ्रेमरेट बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही. कणांचं आयुष्यही सेकंदांत नाही, फ्रेममध्ये मोजलं जातं.

नुसतं विंड फील्ड जोरात लावलं तर कण वेग घेऊन फ्रेमबाहेर निसटू शकतो. म्हणून आधी ड्रॅग, मग विंड, सर्वांत शेवटी टर्ब्युलन्स. टर्ब्युलन्सचा साइज फार लहान ठेवलात तर ठिणग्या डासांसारख्या थरथरतात. सुरुवातीचा वेग आणि आयुष्य दोन्हींत रँडम हवंच. खऱ्या होमात सगळ्या ठिणग्या एका वेगाने उठत नाहीत, एका वेळी विझतही नाहीत.

पालखीमागचं वळण वाऱ्याने साधू नका. तिथे हलकं व्हॉर्टेक्स फील्ड ठेवा आणि त्याला मॅक्स डिस्टन्स घाला, म्हणजे बाकीच्या ठिणग्या बिघडत नाहीत. कर्व्ह गाइड टाळा, त्याने सगळ्या एकाच रुळावर धावतात. फील्ड वेट्समध्ये इतर सगळं शून्य करून एकेक फील्ड तपासा. पाठवण्याआधी कॅशे बेक करा आणि फाइलसोबतच द्या.

बाकी नेहमीचं. फाइल वारंवार सेव्ह करा, प्रती दोन ठिकाणी ठेवा. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल त्याचा भरवसा नसतो. फोनवर सांगितलेला बदल लगेच ईमेलने पक्का करून घ्या. किती बदल मोफत, हे आधी ठरवा.

आणि समोरचा कितीही मोठ्या स्टुडिओचा असो, स्केल लेखी मिळाल्याशिवाय एकही फील्ड लावू नका आणि निम्मे पैसे जमा झाल्याशिवाय काम सुरू करू नका.