ट्रकची शाळा

मजुरी सोडून ट्रकवर ड्रायव्हर व्हावे, असे आपल्यातल्या काहींच्या मनात येते. विचार चांगला आहे. पण शिकवणारी शाळा पारखून घ्यावी.

ट्रकच्या लायसनला पूर्वी आठवी पास ही अट होती. २०१९ साली ती सरकारने काढली. आता वय वीस पुरे लागते, आणि हलक्या गाडीचे लायसन मिळून एक वर्ष झालेले लागते.

शाळेत गेलो, की आधी भिंतीकडे बघू. तेथे सरकारी परवाना आणि शिकवणाऱ्यांची नावे लावलेली असली पाहिजेत. परवान्याची मुदत वाचू. मग ट्रक बघू. शिकवणाऱ्याच्या पायापाशी दुसरा ब्रेक आहे ना?

नियम असा आहे: ट्रकचे शिक्षण निदान ३० दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे निदान १५ तास. रोजचे तास शाळेच्या वहीत मांडतात. शेजारी आपली सही घेतात.

कोणी म्हणेल, "कशाला रोज येतोस? सगळ्या सह्या आजच कर. लायसन काढून देतो." त्याच्या नादी लागू नये. भरलेला ट्रक घाट उतरू लागला, म्हणजे वहीतली सही त्याला आवरत नाही. तेथे शिकलेले हातपायच लागतात. ट्रकखाली सापडेल तो दुसऱ्याचाही जीव असेल.

पूर्वी आपण न वाचता अंगठा उठवत होतो. आता वाचू. जेवढे तास चाक हातात होते, तेवढ्यांपुढेच सही करू.