‘लाघव’ : शब्दार्थ व रुग्णपरीक्षणातील उपयोग

व्यवहारातील मराठीत ‘लाघवी’ म्हणजे गोड वागण्याने मन जिंकणारा. ‘हस्तलाघव’ या शब्दात मात्र मूळ अर्थ टिकून आहे : हाताची हलकी, जलद आणि अचूक हालचाल. वैद्याला हाच अर्थ अधिक उपयोगाचा आहे.

व्युत्पत्ती : ‘लघु’ हा शब्द परंपरेने ‘लङ्घ्’ धातूपासून साधतात. ओलांडून जाणे व अन्न वर्ज्य करणे, असे या धातूचे दोन अर्थ. दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि ज्वरातील लंघन यांचे मूळ त्यामुळे एकच ठरते. वेदांत ‘रघु’ हे रूप ‘वेगवान’ या अर्थी येते. जे शरीरात लाघव आणते ते लंघन, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या २२ व्या अध्यायात सांगतात आणि लंघनाच्या दहा प्रकारांत उपवासाबरोबर व्यायामही गणतात.

लाघव व चापल्य : विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात वातल प्रकृतीची गती व चेष्टा लघु आणि चपल सांगितली आहे, चल गुणामुळे तिचे सांधे, डोळे, भुवया, हात व पाय अस्थिर असतात. सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात व्यायामाचे फळ म्हणूनही लाघव येते. परंतु तेथे त्याच्यासोबत कर्मसामर्थ्य व स्थैर्य आहे. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण स्थैर्य हीच होय.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील उदाहरण घेऊ. मासळी साफ करणाऱ्या कोळी भगिनीचा हात झरझर चालतो. पण काम थांबताच तो निश्चल राहतो. डोलत्या होडीत जाळे ओढणाऱ्याचे पाय रोवलेले असतात. ही गती अभ्यासाने आलेली आहे; केवळ तिच्यावरून प्रकृती वातल ठरवू नये. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात यांपैकी कोणी ‘अंग जड झाले’ म्हणाला, तर व्यायाम सुटल्याने व अग्निमांद्याने आलेले गौरव आहे का, ते पाहावे. वातल समजून त्याला बृंहण दिल्यास जडपणा वाढेल.

याउलट, पूर्वी संथ असलेली व्यक्ती अलीकडे ‘चपळ’ झाली, असे घरचे कौतुकाने सांगतात. अशा वेळी हाताला बारीक कंप, छातीत धडधड, भूक चांगली असूनही वजनात घट, निद्रानाश ही लक्षणे विचारावीत. ती आढळल्यास थायरॉइडची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. येथे लाघव समजून लंघन चालू ठेवणे म्हणजे धातुक्षयात भर घालणे होय.

म्हणून रुग्णपत्रकात ‘चपळ’ एवढेच लिहून थांबू नये. गती जन्मजात, अभ्यासाने आलेली की नव्याने उद्भवलेली. विश्रांतीत अंग स्थिर राहते का. आणि श्रमानंतर उत्साह वाटतो की ग्लानी, या तीन गोष्टींची नोंद करावी. चिकित्सेची दिशा त्यांवरून ठरते.