लढाईचे नुकसान ताळेबंदात कुठे शोधावे?

आम्ही सांगलीत कापडाचा धंदा करतो. पॉलिस्टरचा धागा तेलापासून बनतो, म्हणून तेल कंपन्यांचे ताळेबंद आम्हास परके वाटत नाहीत. त्यांचे शेअर घेणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनीही ते वाचावयास शिकावे. नुसता शेवटचा नफ्याचा आकडा पाहून चालत नाही.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ब्रिटनच्या बीपी कंपनीचा रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीत 19.75 टक्के हिस्सा होता. तो सोडत असल्याचे तिने 27 फेब्रुवारीला जाहीर केले. पण तिचे हिशेबाचे साल 31 डिसेंबर 2021 लाच संपलेले! मग नुकसान कोणत्या सालात धरायचे? नियम असा की, साल संपल्यावर उद्भवलेल्या घटनेमुळे जुने आकडे बदलत नाहीत. घटना मोठी असेल तर ती टिपेत सांगावी लागते. म्हणून 2021 च्या अहवालात फक्त टीप आली, आणि 2022 च्या पहिल्या तिमाहीत करापूर्वी सुमारे 2,550 कोटी डॉलर खर्ची पडले. त्या तिमाहीचा तोटा सुमारे 2,040 कोटी डॉलर. तरीही ही व इतर काही बाबी वगळून कंपनीने 620 कोटी डॉलरचा नफाही त्याच कागदावर सांगितला. खोटा कोणताच नाही, पण काय वगळले ते विचारलेच पाहिजे.

मुंबईच्या हिंदुस्थान पेट्रोलियमला एप्रिल ते जून 2022 मध्ये सुमारे 10,197 कोटी रुपये तोटा झाला. तेथे लढाईच्या नावाची वेगळी रक्कम शोधू नये. कच्चे तेल महागले, पंपावरचे दर त्या प्रमाणात वाढविले नाहीत, आणि तोटा रोजच्या विक्रीतच मुरला.

भारत पेट्रोलियमच्या भारत पेट्रोरिसोर्सेस या उपकंपनीची गोष्ट निराळी. रशियातील तेलक्षेत्रांतल्या वाट्यावर लाभांश मिळाला, पण निर्बंधांमुळे तो तिथल्या बँकेतच अडकला. अशी रक्कम हिशेबात शिल्लक दिसते. ती हाती येते की नाही, हे टीप वाचल्यावरच कळते.

आम्ही स्वतः यात ठेचकाळलो आहोत. बाहेरगावच्या एका पार्टीची बाकी चार दिवाळ्या 'येणे' म्हणून पुढे ओढली आणि तिच्या भरवशावर उधार माल उचलला. शेवटी देणी भागविण्यास घरातले दागिने मोडावे लागले.

अहवाल इंग्रजीत असला तरी 'एक्सेप्शनल आयटेम्स' आणि ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांची टीप, ही दोन ठिकाणे आपल्या ऑडिटरकडून वाचवून घ्यावीत. आमच्या ऑडिटरने त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.