रंगावर जाऊ नकोस

पोरी, यंदापासून वावर तू बघणार, म्हणून पऱ्हाटीवरच्या किडी ओळखायची रीत नीट ऐकून घे. दुकानात जाऊन "कपाशीवर कीड पडली, औषध द्या" असं कधी म्हणू नकोस. कोणती कीड, हे आपल्यालाच सांगता आलं पाहिजे. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. नको असलेली एकही फवारणी मजुराच्या अंगावर घालू नकोस.

सकाळी ऊन चढायच्या आत जा. धुऱ्याकडच्या दोन झाडांवर भागवू नकोस, आत शिर आणि पान उलटं कर. रस शोषणाऱ्यांचं बिऱ्हाड बहुतेक पानाखालीच असतं. तिरपा पळणारा हिरवा बारका किडा म्हणजे तुडतुडा. त्याच्यामुळे पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन खाली वळतात. मॅग्नेशियम कमी पडूनही पान लाल होतं, पण तेव्हा शिरा हिरव्या राहतात. तिथे कीटकनाशक काय करणार? चंदेरी चट्टे दिसले तर फुलकिडे. पान चिकट लागलं तर झाड हलव: पांढरं काही उडालं तर पांढरी माशी, नाहीतर पानाखाली मावा शोध. मुंग्या झाडावर चढताना दिसल्या तर शेंड्याकडे पिठ्या ढेकूणही बघ.

अळ्यांच्या बाबतीत रंगावर मुळीच जाऊ नकोस. हिरवी म्हणतात ती बोंडअळी तपकिरी निघते, गुलाबटही निघते. शेंदरी अळी लहान असताना पांढरीच, डोकं तेवढं तपकिरी. खायची तऱ्हा बघ. हिरवी अळी तोंड बोंडात खुपसून मागचं अंग बाहेर ठेवते. भोक मोठं, गोल, शेजारी विष्ठा. ठिपक्यांची अळी पीक लहान असताना शेंडाच पोखरते, शेंडा मान टाकतो. तिच्यातही दोन जाती आहेत: एकीच्या पतंगाचे पुढचे पंख पूर्ण हिरवे, दुसरीच्या फिकट पंखावर मधोमध हिरवा पट्टा.

खरी फसवते ती शेंदरी. बारीक असतानाच आत शिरते, भोक बुजून जातं, बोंड वरून निरोगी दिसतं. फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहिलं तर ती डोमकळी. तोडून उघड, आत अळी सापडेल. पाकिटावर बीटी लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस, ही अळी आता बीटीला जुमानत नाही. एकरातून 20 हिरवी बोंडं फोडून बघत जा. 2 बोंडांत अळी निघाली तर उपाय करायची वेळ आली. एकरी 2 कामगंध सापळे लाव, पण त्यात ठेवायची शेंदरीची गोळी वेगळी, हिरवीची वेगळी, हे विचारून घे. सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग पडले तरी उपायाची वेळ आली समज.

आणि माव्याच्या गर्दीत काळी, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची खरखरीत अळी फिरताना दिसली तर चिरडू नकोस. ती ढालकिड्याची पिल्लं, मावाच खातात.