शोएव अवाक आणि आपला श्वास



आरोग्याच्या पानावर यंत्राची गोष्ट कशाला, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मी डॉक्टर नाही. बीर-शेवामध्ये २६ वर्षे मी घरगुती विजेच्या वस्तूंची दुरुस्ती केली, आणि माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा आलेली वस्तू म्हणजे शोएव अवाक, आपला व्हॅक्यूम क्लीनर. यंत्राच्या पोटात मी जे रोज पाहत होतो, त्याचा घरातल्या माणसांच्या छातीशी किती संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. म्हणून लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच इमारतीतल्या एका मावशींना खोकल्याने बेजार केले होते. मावशींचे वय ७८, दमा जुना. दोन वर्षांपूर्वी कुपत होलीमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले होते की तुम्हाला घरातल्या धुळीची ॲलर्जी आहे, गादी, पडदे, गालिचे स्वच्छ ठेवा. मुलाने लगेच दोन हजारांवर शेकेल मोजून चांगल्या कंपनीचे यंत्र आणून दिले. आई, यात हेपा फिल्टर आहे, आता धुळीची काळजी नको, असे सांगून तो गेला. दर शुक्रवारी सकाळी मेतापेलेत येऊन सगळे घर यंत्राने साफ करी, आणि दुपारपर्यंत मावशींची छाती भरून येई. रात्री दोनदा-तीनदा पंप घ्यावा लागे. डॉक्टर औषध वाढवायच्या बेतात होते.

एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, “तू इतकी वर्षे हेच काम केलेस. मला सांग, साफसफाई केली नाही की मी बरी असते, आणि केली की आजारी पडते. हे असे कसे?”

मी वर जाऊन यंत्र उघडले. पिशवी विटेसारखी घट्ट भरलेली. मोटरच्या अगोदर जो स्पंजाचा छोटा फिल्टर असतो, तो काळा कुळकुळीत. आणि मागच्या जाळीचे झाकण काढले, तर आत हेपा फिल्टरची जागा रिकामी! विचारपूस केल्यावर कळले की उन्हाळ्यात तो फिल्टर नळाखाली धुतला होता, ओला असतानाच बसवला, त्याला कुबट वास येऊ लागला, म्हणून काढून ठेवला. त्याच्यावाचून यंत्र उलट जास्त जोराने ओढते असे दिसले, मग परत कोण बसवतो? तो फिल्टर स्वयंपाकघरात ओट्याखाली सापडला. त्यावर बुरशीचे ठिपके होते.

आता यात काय बिघडले ते नीट समजून घ्या. यंत्र समोरून जेवढी हवा ओढते, तेवढीच मागून बाहेर सोडते. ओढलेली हवा प्रथम पिशवीतून जाते, मग मोटरच्या फिल्टरमधून, मग मोटरवरून, आणि शेवटी हेपा फिल्टरमधून पुन्हा तुमच्या खोलीत. जाड कचरा पिशवीत राहतो. पण बारीक धूळ, जी डोळ्यांना दिसत नाही, तिला अडवणारा शेवटचा दरवाजा म्हणजे हेपा. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे १०० पैकी ९९.९७ कण अडवतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा दरवाजाच काढून टाकला, तर यंत्र गादीतली धूळ उपसून खोलीभर फवारते. केरसुणीने उडालेली धूळ निदान दिसते, माणूस नाकाला पदर लावतो. ही दिसत नाही, आणि हवेत बराच वेळ तरंगत राहते.

घरातल्या धुळीत कोळ्याच्या जातीचे अगदी सूक्ष्म किडे असतात, डॉक्टर त्यांना कारदित म्हणतात. ते आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन गादीत, उशीत जगतात. ते चावत नाहीत. पण त्यांच्या विष्ठेचे कण छातीत गेले की ज्याला ॲलर्जी आहे त्याचा दमा उसळतो. त्यांना दमट हवा लागते, म्हणून अश्दोद, हैफाच्या बाजूला ते जास्त. आमच्याकडे नेगेवमध्ये हवा कोरडी, पण हिवाळ्यात बंद खोलीत हीटर, वर कपडे वाळत घातलेले, अशा घरात त्यांचीही सोय होते. एक गोष्ट लक्षात ठेवा, यंत्राने हे किडे संपत नाहीत, ते धाग्यांना घट्ट धरून बसतात. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, तेव्हा ते मरतात. यंत्राचे काम त्यांची घाण आणि वरची धूळ उचलण्याचे. तेही यंत्र धड असेल तर.

हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्यांतला एक माणूस आपल्यासारखाच खोकणारा होता, हे थोड्यांना ठाऊक असेल. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरने धूळ ओढून घेणारे यंत्र केले, पण ते एवढे मोठे की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. घरात मावेल असे विजेचे हलके यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर याने केले. हा एका दुकानात झाडलोट करणारा, वय साठीच्या घरात, आणि दम्याचा रोगी. आपण जो झाडू-यंत्र फिरवतो त्याच्या धुळीनेच आपला खोकला वाढतो, हे त्याने ओळखले. मग पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा जोडून त्याने आपले यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि ते पुढे हूवर नावाच्या गृहस्थांनी विकत घेऊन कारखाना काढला. म्हणजे मूळ हेतू गालिचा चकचकीत करण्याचा नव्हता. त्या माणसाला श्वास घ्यायचा होता.

आणि आपण काय करतो? माझी आई कोकणात असताना केरसुणी घेई ती काही आण्यांची. पण तिची निगा किती! नवीन आणली की आधी अंगणात झटकून तिचा भुसा काढायचा, ओल्यात वापरायची नाही, काम झाले की कोपऱ्यात आडवी ठेवायची, बंध सैल झाला की पुन्हा आवळायचा. इथे आल्यावर आपण केरसुणीच्या शेकडो पट किमतीचे यंत्र घेतो आणि पाच वर्षांत एकदाही त्याचे झाकण उघडून पाहत नाही. माझ्या दुकानात आलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांची मोटर मुळात चांगली होती. ती श्वास कोंडून मेलेली होती, हाच शब्द मला योग्य वाटतो. कारण साध्या घरगुती यंत्रात जी हवा धूळ आणते, तीच मोटरला थंड ठेवते. पिशवी तुंबली की हवा थांबते, मोटर तापते, आणि एक दिवस जळका वास येतो.

यंत्र याची सूचना आधी देते, पण आपण ती उलटी समजतो. हवा अडली की मोटरवरचा भार कमी होतो, ती जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढतो. गिऱ्हाईक मला कौतुकाने सांगत, बघा, अजून किती जोर आहे! तो जोर नव्हे. आवाज नेहमीपेक्षा बारीक आणि चढा झाला की यंत्र बंद करा, प्लग काढा, आणि पिशवी, नळी, फिल्टर पाहा. नळीत बहुधा मोजा, नाहीतर नातवंडांच्या खेळण्याचा तुकडा अडकलेला असतो.

पिशवी काठोकाठ भरायची वाट पाहू नये, दोन-तृतीयांश भरली की बदलावी. पैसे वाचवायला कागदी पिशवी रिकामी करून पुन्हा लावणारे मी पुष्कळ पाहिले. त्यात पिशवीची छिद्रे बुजलेली असतात, आणि रिकामी करताना जी धूळ नाकात जाते ती वेगळीच. हमसिनच्या दिवसांनंतर तर विशेष जपा. आमच्या भागातली माती पिठासारखी बारीक, ती पिशवी अर्धी भरण्याआधीच बुजवून टाकते. पिशवी हलकी लागते, पण तिच्यातून हवाच जात नाही. घरात शिपुत्सीम झाले असेल, भिंतीला भोके पाडली असतील, तर तो चुना-सिमेंट घरच्या यंत्राने मुळीच ओढू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पेसाहच्या आधीचे तीन आठवडे दुकानात उभे राहायला जागा नसे. वर्षभर सोफ्याच्या फटीत गेलेला पाव आणि बिस्किटे एका दिवसात ओढायची, आणि त्याच दिवशी यंत्राने मान टाकायची! बऱ्याच घरांत हमेत्स बाहेर काढायचे म्हणून तेवढी एकदाच पिशवी बदलली जाई. मी म्हणत असे, सणाचे उपकार, नाहीतर तीही बदलली नसती.

दुसरा मोठा शत्रू स्पोंजा. लादीवर पाणी ओतलेले, कोपऱ्यात थोडे राहिलेले, आणि घाईने यंत्र लावले जाते. साधे यंत्र कोरड्यासाठीच असते. पाणी आत गेले की धुळीचा चिखल होतो, चिखलाला बुरशी येते, आणि पुढच्या वेळी ती बुरशी हवेत. शिवाय विजेचा धोका आहेच. आधी यंत्र, मग स्पोंजा, हा क्रम कधी मोडू नका.

फिल्टरचे म्हणाल तर ज्याच्यावर धुता येतो असे लिहिले आहे तोच धुवावा, थंड पाण्यात, साबणाशिवाय, आणि पूर्ण एक दिवस-रात्र सावलीत वाळवून मगच बसवावा. हात लावून कोरडा वाटला तरी आत ओल असते. कागदाच्या घड्यांचा असेल तर धुवू नये, नवा आणावा. हल्ली मुले बिनवायरची हलकी यंत्रे आणून देतात. संधिवाताच्या हातांना ती बरी, पण त्यांचा डबा रिकामा करताना धुळीचा लोट थेट तोंडावर येतो. दमेकऱ्याने ते काम स्वतः करू नये. दुसऱ्या कोणी बाहेर जाऊन, डबा प्लास्टिकच्या पिशवीत धरून रिकामा करावा. कोरोनाच्या वेळचे मास्क कपाटात पडलेले असतीलच. आणि हे यंत्र उन्हाने तापणाऱ्या बंद मिरपेसेतमध्ये ठेवू नका, बॅटरी लवकर जाते.

एक इशारा वेगळा सांगतो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर किंवा ट्यूबलाइट फुटली तर यंत्र लावू नका. पाऱ्याची वाफ होऊन घरभर पसरते. खिडक्या उघडून खोलीबाहेर जा, आणि नंतर दुसऱ्या कोणाकडून जाड कागद आणि चिकटपट्टीने तुकडे गोळा करून घ्या.

वायरवरही दोन खुणा असतात. पिवळी दिसली की वायर संपत आली, लाल दिसली की आणखी ओढू नये. काम झाल्यावर वायर जमिनीवर सोडू नका. आपल्या वयात धुळीपेक्षा पडण्याने जास्त माणसे अंथरुणाला खिळतात.

आता माझे स्वतःचे सांगायलाच हवे. दुकानाच्या मागच्या बाजूला मी गिऱ्हाइकांचे फिल्टर कंप्रेसरच्या हवेने झटकत असे, दिवसाला दहा-बारा, तोंडाला काही न बांधता. बायको म्हणे, निदान रुमाल तरी बांध. मी हसत असे. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, सिगारेट ओढता? मी आयुष्यात ओढली नाही. ही लोकांच्या घरातली धूळ असेल का, असे विचारले, तर ते म्हणाले की नक्की सांगता येत नाही, पण तिने फायदा तर झालेला नाही. आता माझ्या खिशातही पंप असतो.

मावशींच्या यंत्राला मी नवी पिशवी आणि दोन्ही नवे फिल्टर बसवले. दोनशे शेकेलही लागले नाहीत. मेतापेलेतला समजावले की काम चालू असताना खिडकी उघडी ठेव, आणि मावशी तेवढा वेळ खाली बाकावर बसतील, काम संपल्यावर आणखी अर्धा तास वर येणार नाहीत. खोकला पूर्ण गेला नाही, दमा हा दमाच. पण शुक्रवारच्या रात्री त्या आता बहुतेक झोपतात, आणि डॉक्टरांनी औषध वाढवले नाही. ते ठरवणे डॉक्टरांचेच, तुम्ही आपल्या मनाने पंप कमी-जास्त करू नका.

परवा मावशींचा फोन आला. दुकानदार विचारतो, कोणत्या मॉडेलचा फिल्टर? त्यांना काही सांगता येईना. तुमचेही असे होईल, म्हणून यंत्राच्या पोटाखाली जी पट्टी असते तिचा फोटो नातवाकडून काढून घ्या, किंवा जुना फिल्टर पिशवीत गुंडाळून दुकानात न्या. नवा बसवाल तेव्हा त्याच्या कडेला पेनाने तारीख लिहून ठेवा.